तळ्याकडे पाठ केलेली खुर्ची

तळ्याकाठच्या त्या लाकडी कॉटेजपुढे अकरा वर्षं एक वेताची खुर्ची तळ्याकडे पाठ करून मांडली जात होती, आणि त्या काठावर सुट्टीला येणाऱ्या मंडळींना तेवढा एक विषय वर्षभर पुरत होता. समोर निळंशार पाणी, पलीकडे गर्द झाडी, बदकांची ये-जा चाललेली, आणि हा गृहस्थ निवांत बसून बघतोय कशाकडे? तर कॉटेजच्या दाराकडे. दारातून आत दिसणार काय, तर कांदा चिरणारी बायको, पलंगावर पालथी पडून वाचणारी मुलगी आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत तेल चोळणारी सासू. शेजारच्या कॉटेजमधल्या बाईंनी पहिल्या वर्षी जाहीर केलं की याला पाण्याची भीती असावी. दुसऱ्या वर्षी त्यांनी मत बदललं: बायकोवर संशय असावा. तिसऱ्या वर्षी कॉटेजच्या मालकीणबाईंनीच सकाळी ती खुर्ची उचलून पाण्याकडे तोंड करून ठेवली. त्यांचा चहा पिऊन होईस्तोवर ती पुन्हा फिरलेली होती. मग त्यांनीही नाद सोडला.

कारण अगदी साधं होतं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

हा गृहस्थ शहरबसचा चालक. सतरा नंबरची बस, सत्तावीस वर्षं, सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी पहिली फेरी. डेपोत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. वाटेवरचा बेकरीवाला त्याची बस गेली की भट्टीतला पाव बाहेर काढायचा, आणि त्या पावाबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. पण सत्तावीस वर्षं बस चालवायची म्हणजे सत्तावीस वर्षं माणसांकडे पाठ करून बसायचं. त्याच्या पाठीमागे माणसं भांडली, त्यांची लग्नं जमली, एका बाईला तर बसमध्येच कळा सुरू झाल्या, आणि या सगळ्याची खबर त्याला लागली ती डोक्यावरच्या वीतभर आरशातून. सुट्टीच्या आठ दिवसांत त्याला एकच चैन हवी असे: माणसं समोर हवीत. पाणी, झाडी, डोंगर हे सगळं पुढच्या काचेतून त्यानं पोटभर पाहिलं होतं.

त्याच्या सीटमागे पाटी होती: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' बाकीचे चालक त्याच पाटीखाली बसून सासरच्या भानगडी रंगवून सांगत. यानं मात्र ती पाटी मनावर घेतली आणि नियम घरी आणला. घरच्या जुन्या छोट्या गाडीत बसलं की सगळे चिडीचूप. मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिला ठाऊक, जे काही असेल ते गाडी थांबल्यावर. एकदा गाडीत मधमाशी शिरली. मागे मायलेकी डोळे वटारून, श्वास रोखून बसल्या. माशी आपणहून बाहेर गेली. पुढच्या सिग्नलला गाडी उभी राहिल्यावर बायको म्हणाली, "माशी होती."

"दिसली," तो म्हणाला. संपला विषय.

तर मुलगी बावीस वर्षांची झाली. कृत्रिम दात बनवायचं शिक्षण तिनं घेतलं होतं, आणि चौदा तासांच्या अंतरावरच्या एका शहरात, तशाच एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. सुट्टीनंतर पंधरा दिवसांनी ती जाणार होती. म्हणजे सगळ्यांनी मिळून घालवायची ही शेवटची सुट्टी. यापुढे जमलं तर जमलं. चालकानं मनात हिशेब मांडून ठेवला होता: आठ दिवस, खुर्ची दाराकडे, आणि पोरीला डोळे भरून बघून घ्यायचं.

आणि नेमकं यंदाच मेहुण्याच्या डोक्यात कॅराव्हॅन शिरली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नाही, सलून चालवतो. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहून आरशातून बोलत राहायचं हा त्याचा धंदा, म्हणजे एका अर्थी तोही चालकाच्याच जातकुळीतला. फक्त याची सगळी वाचा त्याच्या वाट्याला गेलेली. सुट्टीला तो दरवर्षी असायचाच. त्यानं जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"भाऊजी, सत्तावीस वर्षं तुम्ही लोकांना पोचवलंत. आता घरच्यांना फिरवा की. कॅराव्हॅन भाड्यानं घेऊ. आत झोपायचं, आत गॅस, आत संडास. आज या गावाला, उद्या त्या गावाला."

"आणि चादरी कोण बदलणार?" बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. "कॉटेजला मालकीणबाई बदलतात. मी वर्षभर चादरींच्या घड्या घालते. सुट्टीत चाकांवर बसून तेच करू?"

"कॉटेजचा संडास अंगणापलीकडे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना विचारा. संडास माझ्याबरोबर येणार असेल तर मी चाकांवर काय, पंखांवरसुद्धा येईन."

"आई, जेवताना तरी."

"जेवते म्हणूनच विचार करते."

मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "मला कॅराव्हॅन हवी."

सगळ्यांच्या माना चालकाकडे वळल्या. "त्यांना काय विचारताय?" मेहुणा म्हणाला. "माशाला कुणी विचारतं का, बाबा रे, पाण्यात येतोस का म्हणून?"

चालकानं मुलीकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. पोरीलाच हवी म्हटल्यावर पुढे काय बोलणार? "चालेल," तो म्हणाला. मग त्यानं उठून मालकीणबाईंना फोन लावला आणि यंदा येत नसल्याचं सांगितलं. त्यांनी वहीतलं नाव खोडलं. मग म्हणाल्या, "मग ती खुर्ची आत ठेवू का?"

"ठेवा," तो म्हणाला.

कॅराव्हॅन आणायला गेले तेव्हा भाड्याच्या कंपनीतली एक चुणचुणीत मुलगी हातात यादी घेऊन उभी होती. गॅस कसा लावायचा, पाण्याची टाकी कशी भरायची, वरचा पलंग कसा खाली घ्यायचा, खुर्च्या, टेबल, सगळं दाखवायचं होतं.

"वीस मिनिटं लागतील, सर."

"मी बारा मीटरची बस चालवतो, बाई. सत्तावीस वर्षं."

"चालवण्याचं नाहीच सर, हे आतलं—"

"सही कुठे करायची?"

मेहुण्यानं ऐकलं असतं तरी भागलं असतं, पण तो त्या वेळी बाजूच्या आरशात स्वतःचा भांग बघत होता. तर अशी सुरुवात. गाडी ताब्यात आल्यावर चालकानं पिशवीतून एक आरसा काढला. त्याची जुनी बस भंगारात निघाली तेव्हा डेपोतल्या मंडळींनी तिचा आतला आरसा काढून त्याला भेट दिला होता. तो त्यानं तारेनं पुढच्या काचेच्या वर बांधला. शेजारच्या सीटवर पावाची टोपली आणि पाण्याचे कॅन. तिथे माणूस बसवायचं नाही, कारण शेजारी बसलेलं माणूस बोलतं.

प्रवास सुरू झाला आणि पहिल्याच जेवणाला एक अडचण उभी राहिली. मागच्या टेबलाशी जागा चौघांची. बायको, मुलगी, सासूबाई, मेहुणा, झाले चार.

"तुम्ही या, मी उभा राहतो," मेहुणा म्हणाला. उठला मात्र नाही.

"मी इथेच बरा," चालक म्हणाला. त्यानं ताट मांडीवर घेतलं, पेला डॅशबोर्डवर ठेवला, आणि समोरच्या काचेबाहेरच्या कुंपणाकडे बघत उकडलेले बटाटे खाल्ले. मागे हशा पिकला की तो आरशात बघे. आरशात मुलगी दिसे, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात मेहुण्याचा भांग होता. असे तीन दिवस गेले. नवी गावं, नवे घाट, एक किल्ला, दोन संग्रहालयं. सुट्टी छान चालली होती, असं सगळे म्हणत होते. चालकानं मनात मोजलं: पाच दिवस उरले.

चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावर गाडी थांबली. "दहा मिनिटं," त्यानं सांगितलं, आणि अकराव्या मिनिटाला गाडी हमरस्त्यावर होती.

पंधरा-वीस मिनिटांनी मुलीनं संडासाचं दार वाजवलं. आजी बराच वेळ आत होती. उत्तर नाही. तिनं दार ढकललं. आत कुणी नाही. वरच्या पलंगाचा पडदा सारला, तर मामा तोंड उघडं टाकून घोरतोय. मुलीनं आईकडे पाहिलं, आईनं मुलीकडे. बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी चालू होती.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं ना. तुम्ही त्या घरात वाढला नाहीत. मायलेकी हातवारे करू लागल्या: गुडघे चोळून आजी दाखवली, हाताची नळी करून पेट्रोल पंप दाखवला, तू सांग, नाही तू सांग. वाटलं, सिग्नल लागेल. पण हमरस्त्यावर कुठला सिग्नल? गाडी आपली ताशी ऐंशीनं सासूबाईंपासून दूर चाललेली. चालकाला आरशात हे सगळं दिसत होतं. त्याला वाटलं, दोघी मूकनाट्याचा खेळ खेळताहेत. त्याला जरा हेवाही वाटला.

शेवटी मुलीनं चमचा घेतला आणि वरच्या लोखंडी दांड्यावर एक ठोका दिला. एक ठोका म्हणजे थांबा. हे तिला शाळेच्या आधीपासून ठाऊक. चालकाच्या पायानं डोक्याला न विचारता ब्रेक दाबला. इंडिकेटर, कडेला, हँडब्रेक. मग तो वळला.

"काय झालं?"

"आजी राहिली."

"कुठे?"

"पंपावर."

"केव्हा कळलं?"

"वीस मिनिटं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

मुलीनं चमचा खाली ठेवला. मग बायको हळूच म्हणाली, "गाडी चालू होती."

चालकानं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्याचे कान लाल झाले होते, आणि ते आरशाशिवायही दिसत होते.

सासूबाई हवा भरायच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय एका टायरवर टाकून बसल्या होत्या. पंपावरच्या बाईशी त्यांची मैत्री तिच्या नणंदेच्या घटस्फोटापर्यंत पोचली होती.

"आलात? मी यांना म्हटलंच, आमचे जावई बसवाले आहेत. परतीच्या फेरीला घेतील."

मग गाडीत चढताना त्यांनी सगळी हकिगत ऐकली, आणि तेव्हा मात्र त्या दारातच थांबल्या. "वीस मिनिटं? आणि तोंडातून ब्र नाही? उद्या मी आत मेले तर पुढच्या थांब्यापर्यंत वाट बघाल का गं?"

"आजी, असं काय बोलतेस?"

"विचारून ठेवते. जावईबापू, ती टोपली उचला. मी आता पुढे बसणार. आणि बोलणार."

आणि त्या बोलल्या. तासभर बोलल्या. पंपावरच्या बाईच्या नणंदेपासून सुरुवात करून त्या जावयाच्या लग्नातल्या बुटांपर्यंत आल्या, जे म्हणे एका पायाला काळे आणि एका पायाला तपकिरी होते. चालकानं एकही चूक केली नाही, गाडी जराही हेलपाटली नाही. सत्तावीस वर्षांत प्रथमच त्याला शंका आली की ती पाटी बहुधा दुसऱ्याच कुणासाठी लिहिली असावी.

दुपारी नदीकाठी जेवायला थांबले. चालकानं सवयीनं ताट मांडीवर घेतलं. एवढ्यात सासूबाईंचा चष्मा घसरून त्याच्या सीटखाली गेला. त्या वाकल्या, चाचपडलं, हाताला काही तरी लागलं ते त्यांनी ओढलं. तो चष्मा नव्हता. खुर्चीचं खालून 'खट्' झालं आणि चालक ताटासकट पाव वर्तुळ फिरला. बटाटे थोडक्यात वाचले.

"हे काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

मेहुण्यानं कप्प्यातला कागद काढून प्रथमच वाचला. "गाडी उभी असताना चालकाची खुर्ची फिरवून बैठकीत घेता येते. टेबलाची पाचवी जागा." त्यानं कागद उलटा करून पाहिला, मागे अजून काही चांगलं लिहिलंय का म्हणून. "भाऊजी, तीन दिवस तुम्ही कुंपणाबरोबर जेवलात."

"तुम्हाला ती पोरगी दाखवत होती ना?" बायको म्हणाली.

"दाखवत होती," चालक म्हणाला.

त्यानं उरलेलं पाव वर्तुळ पायानं फिरवलं आणि ताट टेबलावर ठेवलं. समोर मुलगी. अख्खी. तिच्या अंगठ्याजवळ एक गुळगुळीत, गुलाबी डाग होता, जुन्या भाजल्याचा.

"हे कधी झालं?"

"मार्चमध्ये. मेण ओतताना."

"सांगितलं नाहीस."

"ड्यूटीवर होतात तुम्ही. मग बरं झालं."

त्यानं पाव तोडला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला.

त्यानंतर दोन दिवस गाडी त्या नदीकाठावरून हलली नाही. मेहुणा कुरकुरला. "चाकं कशाला घेतली मग? कॉटेजच घ्यायचं होतं, फिरत्या खुर्चीचं." पण बायकोनं चादरी वाळत घातल्या होत्या आणि सासूबाईंना पायऱ्या चढायचा कंटाळा आला होता, त्यामुळे त्याचं कुणी ऐकलं नाही. चालक खुर्ची आत फिरवून बसे. नदी त्याच्या पाठीमागे. मुलगी वाचायची, मधेच डोकं वर काढायची, बाबा बघताहेत असं दिसलं की हसून पुन्हा पुस्तकात. दोघांना एकमेकांशी बोलायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण समोरासमोर बसल्यावर जेमतेम निघे ते "चहा घेणार?" आणि "घेऊ या."

परतीच्या दिवशी सासूबाई मागे जाऊन झोपल्या. पुढची सीट रिकामी बघून मुलगी येऊन बसली. गाडी हमरस्त्याला लागली. मग म्हणाली, "बाबा, बोलू?"

त्याचे डोळे रस्त्यावर. "गाडी चालू आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "बोल."

"तुम्हाला कॉटेजच हवं होतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही 'चालेल' म्हणालात. मनातून हवं असतं तेव्हा तुम्ही काही म्हणतच नाही, उठून बॅगा भरायला लागता."

त्यानं एक ट्रक पुढे जाऊ दिला. "मग तुला कॅराव्हॅन कशाला हवी होती?"

"शाळा सुटली की मी तुमच्या बसमध्ये बसायचे. आईची ड्यूटी संपेपर्यंत."

"दोन फेऱ्या. चौथी रांग, खिडकी."

"तिथून आरशात तुम्ही दिसायचात. म्हणजे नुसते डोळे. दर थांब्याला बघायचात माझ्याकडे."

"दारं बंद करताना बघावं लागतं."

"दारांचा आरसा वेगळा होता, बाबा."

चालकानं डोक्यावरचा आरसा उगाच जरासा सरळ केला.

"कॉटेजमध्ये तुम्ही खुर्ची टाकून बघत बसता ना," ती म्हणाली, "तेव्हा मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. काही सुचत नाही. मला जायच्या आधी एकदा तुमच्या गाडीत मागे बसायचं होतं. तेवढंच."

"मग पुढे का आलीस?"

"मागून तुम्ही दिसता. बोलता येत नाही."

रस्ता सरळ होता. बऱ्याच वेळानं तिनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "तिथे जायची भीती वाटतेय थोडी."

"कामाची?"

"काम येतं मला. संध्याकाळची. काम सुटल्यावर जाऊन बसायचं कुठे, ते कळत नाही."

'वाटेल बरं हळूहळू' असं म्हणणं सोपं होतं. त्याच्या जागी मेहुणा असता तर म्हणून मोकळा झाला असता. चालक म्हणाला, "हं." आणि उरलेल्या वाटेवर त्यानं गाडी इतकी सावकाश चालवली की मागून सासूबाईंनी उठून विचारलं, पेट्रोल संपलंय का.

ती गेली. पुढल्या वर्षी सुट्टीच्या दोन महिने आधी मालकीणबाईंचा फोन आला. दहा वर्षं तो त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो' म्हणत आला होता.

"यंदाही नाही," तो म्हणाला.

"मग खुर्ची?"

"असू द्या तिथेच. बसेल कुणी."

"हो, पण तिचं तोंड कुठल्या बाजूला करू?" त्यांनी विचारलं. त्यांना खरं कारण काढून घ्यायचं होतं. यानं नमस्कार सांगून फोन ठेवला.

भाड्याच्या कंपनीत तीच चुणचुणीत मुलगी, तीच यादी. तिनं त्याला ओळखलं आणि यादी निमूटपणे मिटायला घेतली.

"दाखवा," चालक म्हणाला. "सगळं."

वीस मिनिटांची पंचवीस झाली. त्यानं गॅस पाहिला, टाकी पाहिली, पलंग खाली-वर करून पाहिला. खुर्चीचा दांडा त्याला दाखवायची गरज नव्हती, पण तोही त्यानं दोनदा दाखवायला लावला. मग जुना आरसा तारेनं बांधला.

दोन दिवसांचा प्रवास. पुढच्या सीटवर सासूबाई, त्यामुळे चौदा तास कसे गेले ते फक्त सासूबाईंनाच कळलं नाही. त्या शहरात दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेची पाळी साडेपाचला सुटते. पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी कॅराव्हॅन फाटकासमोर उभी राहिली आणि तिचं बाजूचं दार उघडलं. मुलगी पांढरा कोट हातावर टाकून बाहेर आली, थबकली. तिला ते येणार हे ठाऊक होतं, पण कुठे येणार ते सांगितलं नव्हतं. बरोबरच्या मैत्रिणींना तिनं काही तरी सांगितलं आणि गाडीत चढली.

"आधी चहा घे," बायको म्हणाली.

"थांब गं," सासूबाईंनी लेकीला दटावलं. "बस सुटतेय."

मुलगी मागे जाऊन खिडकीशी बसली. मेहुण्यानं त्याच्या भांगासकट बाजूला सरकून जागा करून दिली, हे त्याच्याकडून त्या वर्षातलं मोठंच काम झालं. चालकानं आरशात पाहिलं, दार बंद केलं आणि गाडी काढली. त्या अनोळखी शहराचे रस्ते त्याला ठाऊक नव्हते, त्यामुळे तो डावीकडे, डावीकडे असा वळत राहिला आणि पुन्हा त्याच फाटकासमोर आला. तिथे न थांबता दुसऱ्यांदा तसाच गेला. गाडीत कुणी बोललं नाही. सासूबाईसुद्धा नाहीत.

दोन फेऱ्या झाल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खुर्ची फिरवली.

"हं," तो म्हणाला. "आता सांग."